परक्या इंजिनाला घर: रिकमन मेटीसचं प्रकरण

१९५९ च्या सुमारास इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ, हॅम्पशरमधल्या न्यू मिल्टन गावात डेरेक आणि डॉन रिकमन या दोघा भावांनी एक मोटरसायकल जोडली. फ्रेम बीएसएची, इंजिन ट्रायम्फचं, पुढचा फोर्क नॉर्टनचा. तीन कारखान्यांचा माल एकत्र आणल्यावर तिला कुठल्या एका कारखान्याचं नाव देणं शक्य नव्हतं. भावांनी तिला फ्रेंच नाव दिलं, 'मेटीस', म्हणजे संकरातून जन्मलेली. पुढच्या दहा-बारा वर्षांत हा शब्द मोटोक्रॉसच्या, म्हणजे खडबडीत मातीवरच्या शर्यतींच्या, जगात इतका रुळला की जुन्या फ्रेममध्ये दुसरं इंजिन बसवणारा माणूस आजही आपल्या कामाची तुलना नकळत मेटीसशीच करतो.

हे प्रकरण सविस्तर मांडावंसं वाटतं, कारण इंजिन बदलण्याविषयी बोलताना बहुतेक जण पहिला प्रश्न "बसेल का?" असाच विचारतात. बसतं तर जवळपास काहीही. वेल्डिंग आणि ग्राइंडर हाताशी असले की कुठलंही इंजिन कुठल्याही दोन पाइपांमध्ये अडकवता येतं. रिकमन बंधूंनी पहिली गाडी अशीच जोडली होती. त्यानंतर त्यांनी काय बदललं आणि का बदललं, त्यात या कामाचं सगळं मर्म आहे.

आधी परिस्थिती. दोघे भाऊ स्वतः शर्यतपटू होते, आणि चांगल्या दर्जाचे. १९६३ आणि १९६४ मध्ये मोटोक्रॉस दे नासियों ही देशादेशांमधली सांघिक स्पर्धा ब्रिटनने जिंकली तेव्हा दोघेही संघात होते. त्या काळी इंग्लंडमध्ये मोटोक्रॉसला स्क्रॅम्बल म्हणत आणि ५०० सीसी गटात बीएसएची गोल्ड स्टार ही भरवशाची गाडी होती. ८५ गुणिले ८८ मिमी मापाचं एकच सिलिंडर, ४९९ सीसी, खालच्या गतीपासून जोरकस ओढ. बीएसएची फ्रेमही मजबूत. ट्रायम्फची कहाणी उलटी होती. टायगर १०० चं ५०० सीसी जुळं, म्हणजे दोन सिलिंडरचं, इंजिन (६३ गुणिले ८० मिमी) हलकं होतं, १९५१ पासून त्याचं हेड आणि सिलिंडर ब्लॉक दोन्ही ॲल्युमिनियमचे येत होते, फिरण्यात चपळ, आणि वेगासाठी लागणारे सुटे भाग बाजारात भरपूर. पण ट्रायम्फची फ्रेम खडबडीत जमिनीवर तिच्या इंजिनाला शोभेल अशी वागत नसे. रस्त्यावरच्या तरुणांनी याच कारणासाठी ट्रायम्फचं इंजिन नॉर्टनच्या फेदरबेड फ्रेममध्ये घालून 'ट्रायटन' बनवली होती. रिकमन बंधूंनी तोच विचार चिखलात नेला.

इथे एक गोष्ट मला कायम खटकते. १९५१ पासून ट्रायम्फ ही बीएसएच्याच मालकीची कंपनी होती. चांगली फ्रेम आणि चांगलं इंजिन एकाच मालकाच्या दोन कारखान्यांत पडून होतं, आणि त्यांची सांगड घातली ती गावाकडच्या दोन भावांनी.

पहिली मेटीस पळाली, जिंकलीही. पण तिच्यात एक मूळची अडचण होती आणि ती कुठल्याही जुन्या फ्रेममध्ये दुसरं इंजिन घालणाऱ्याच्या वाट्याला येतेच. कारखान्याची फ्रेम कोऱ्या कागदावर काढलेली नसते, ती तिच्या स्वतःच्या इंजिनाभोवती काढलेली असते. गोल्ड स्टारची फ्रेम जवळून पाहिली तर उजवा खालचा पाइप एका ठिकाणी मुद्दाम वाकवलेला दिसतो. तो वाक ऑइल पंपाला जागा द्यायला आहे, फ्रेमच्या मजबुतीशी त्याचा काही संबंध नाही. त्या फ्रेममध्ये दुसरं इंजिन घातलं की पंप जातो, वाक मात्र राहतो. म्हणजे पाइप सरळ असण्याचा फायदाही नाही आणि वाकाचा उपयोगही नाही. अशा दहा गोष्टी निघतात: ज्या कानांना इंजिन अडकायचं ते चुकीच्या उंचीवर, मधली नळी हेडच्या इतक्या जवळ की व्हॉल्व्ह सेट करायला इंजिन खाली उतरवावं लागतं, एक्झॉस्टचा पाइप असा बाहेर येतो की फोर्क पूर्ण दबला की पुढचं चाक त्याला घासतं.

रिकमन बंधूंनी एक-दोन आवृत्त्यांमध्ये अशा तडजोडी सहन केल्या आणि १९६२ च्या आसपास, मार्क ३ मध्ये, उसन्या फ्रेमचा नाद सोडला. स्वतःची फ्रेम बनवायची आणि ती कुणाही एकाच्या इंजिनाभोवती बनवायची नाही, असं ठरलं.

या निर्णयामागे व्यवहाराचीही बाजू होती. भावांना खरं तर पूर्ण गाड्या विकायच्या होत्या. पण मोठे कारखाने सुटी नवी इंजिनं द्यायला तयार नव्हते. आपल्या इंजिनावर दुसऱ्याने नाव कमवावं हे कुणाला रुचणार? मग त्यांनी इंजिनाशिवाय बाकी सगळं विकायला सुरुवात केली: फ्रेम, स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा, वर-खाली हलणारा दांडा), टाकी, सीट, मडगार्ड, इंजिन प्लेट्स. इंजिन ज्याचं त्याने आणायचं. कुणी अपघातात गेलेल्या ट्रायम्फचं आणी, कुणी आपल्याच जुन्या मॅचलेस गाडीतून काढी. गिऱ्हाईक कोणतं इंजिन घेऊन येईल याची खात्री नाही, म्हणजे फ्रेमने ते आधीच गृहीत धरायला हवं. नाइलाजातून आलेल्या या अटीनेच त्यांचं काम घडवलं असं माझं मत आहे.

आता फ्रेमकडे बघू. ती रेनॉल्ड्स ५३१ नावाच्या मँगनीज-मॉलिब्डेनम पोलादाच्या पातळ नळ्यांची होती. या नळ्या ताकदवान, पण भट्टीसारखी उष्णता दिली तर सांध्याजवळ कडक आणि ठिसूळ होतात. म्हणून सांधे ब्रॉन्झ वेल्डिंगने केले जात. यात नळी स्वतः वितळत नाही, वितळलेला ब्रॉन्झ सांध्याभोवती गोलसर भरला जातो आणि तापमान पोलाद वितळण्याच्या बरंच खाली राहतं. मेटीसच्या सांध्यांवरची ती नीटस सोनेरी वळी वर निकेल चढल्यामुळे दिसत नाही, पण बोट फिरवलं तर कळते. निकेल प्लेटिंग हा नुसता दिखावा नव्हता. रंगाखाली तडा लपतो, निकेलवर तो केसासारखा उठून दिसतो. आजही जुनी मेटीस विकत घेताना जाणते लोक आधी स्टिअरिंग हेडच्या खालचे सांधे फडक्याने पुसून उन्हात बघतात.

दुसरी गोष्ट, तेल. ट्रायम्फ किंवा मॅचलेससारख्या इंजिनांत तेल क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीत, साठत नाही; वेगळ्या टाकीतून येतं आणि पंप ते परत टाकीत पाठवतो. रिकमन बंधूंनी ती टाकीच काढली आणि तेल फ्रेमच्या नळ्यांत भरलं. वजन वाचलं, जागा वाचली, आणि लांब नळीतून फिरताना तेल थंडही होतं. पण इंजिन बदलणाऱ्याने इथे सावध राहायला हवं. एखाद्या इंजिनाचं बेअरिंग फुटलं तर त्याचा चुरा फ्रेमच्या पोटात जातो. ते इंजिन काढून दुसरं चांगलं बसवलं, पण फ्रेम आतून धुतली नाही, तर पहिल्या इंजिनाचा मृत्यू दुसऱ्याला लागतो. नळीतून रॉकेल ओतून फ्रेम उलटीपालटी करत, ओतलेलं स्वच्छ बाहेर येईपर्यंत धुणं हे कंटाळवाणं काम आहे आणि ते टाळणाऱ्याला इंजिनाच्या रूपाने किंमत मोजावी लागते.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात हुशारीची वाटते: इंजिन प्लेट्स. फ्रेमवर ठरावीक जागी कान आणि इंजिनाभोवती मोकळी पोकळी. इंजिन आणि फ्रेम यांच्यामध्ये त्या त्या इंजिनासाठी कापलेल्या ॲल्युमिनियमच्या प्लेट्स. इंजिन बदललं तर प्लेट बदलायची, नळीला हात लावायचा नाही. फ्रेम एकदा सरळ बनली की ती सरळच राहते, कारण प्रत्येक नव्या इंजिनासाठी तिच्यावर पुन्हा उष्णता पडत नाही. ट्रायम्फची जुनी सुट्या गिअरबॉक्सची इंजिनं, मॅचलेसचं ५०० सीसी एकसिलिंडर, आणि पुढे मार्क ४ च्या काळात गिअरबॉक्स आणि क्रँककेस एकत्र असलेली युनिट इंजिनं, अशी वेगवेगळी बिऱ्हाडं या पद्धतीने राहून गेली.

प्लेट कापणं मात्र दिसतं तितकं सोपं नाही. इंजिन कुठे बसेल हे प्लेट ठरवते, आणि इंजिनाची जागा ठरवताना एकाच वेळी चार-पाच रेषा सांभाळाव्या लागतात. पहिली चेन लाइन. गिअरबॉक्सचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, आणि मागच्या चाकाचं स्प्रॉकेट एकाच पातळीत हवं. आपल्याकडचा मिस्त्रीही मागच्या स्प्रॉकेटला सुतळी लावून पुढे ताणून हेच बघतो. थोडा फरक असेल तर मागे स्पेसर घालून जुळवता येतो. जास्त असेल तर इंजिन बाजूला सरकवावं लागतं आणि मग वजन एका अंगाला जातं. जुन्या सुट्या गिअरबॉक्सच्या इंजिनात आणखी एक गुंता आहे. इंजिन आणि गिअरबॉक्समधली प्रायमरी चेन ताणायची तर गिअरबॉक्स मागे ओढायचा. तो मागे गेला की मागची चेन सैल पडते. म्हणजे एक चेन ताणली की दुसरी पुन्हा ताणायची. रिकमन बंधूंनी मागची चेन ताणायला वेगळा उपाय केला. मागचं चाक स्विंगआर्ममध्ये जागच्या जागी राहतं, आणि स्विंगआर्म ज्या पिव्हटवर फिरतो तिथे मध्यबिंदूपासून सरकवलेल्या भोकाच्या चकत्या असतात. चकती बदलली की सबंध स्विंगआर्म मागे किंवा पुढे जातो. चाक कधीच तिरकं होत नाही. घाईत एका बाजूचा ताण जास्त आणि दुसरीकडे कमी करून चाक वाकडं बसवणाऱ्या माणसाला ही गोष्ट किती मोलाची आहे ते कळेल.

दुसरी रेष स्प्रॉकेट आणि पिव्हट यांच्यातली, आणि इथे मला थोडं गणित मांडायचं आहे, कारण मेटीस इतक्या इंजिनांना का चालली याचं निम्मं उत्तर त्यात आहे. चाक वर-खाली होताना पिव्हटभोवती फिरतं, पण चेन ओढली जाते ती पिव्हटच्या पुढे असलेल्या स्प्रॉकेटपासून. स्प्रॉकेट, पिव्हट आणि मागचा ॲक्सल एका सरळ रेषेत आले की चेन सर्वांत ताठ; त्या रेषेच्या वर किंवा खाली गेलं की सैल. समजा स्विंगआर्म ४५० मिमी लांब आहे आणि स्प्रॉकेटचं केंद्र पिव्हटच्या ७५ मिमी पुढे आहे. मागच्या चाकाची हालचाल १०० मिमी, म्हणजे त्या काळाच्या गाड्यांइतकी, आणि ती रेषेच्या दोन्ही बाजूंना सारखी वाटलेली. मग दोन्ही स्प्रॉकेटच्या केंद्रांमधलं अंतर जेमतेम ०.४ मिमी बदलतं. खालच्या पदरात चेन सुमारे अर्धा इंच लोंबेल, जी नेहमीचीच ढिलाई. आता तीच मापं ठेवून चाकाची हालचाल ३०० मिमी करा. अंतर जवळजवळ ४ मिमी बदलतं आणि चेन दीड इंच लोंबायला लागते. चेन ताणून धरणारा टेन्शनर नसेल तर ती स्प्रॉकेटवरून उतरणारच.

१९६० च्या दशकात इंजिन दोन सेंटिमीटर मागे-पुढे बसलं तरी चेन ते सहन करी, कारण चाकाची हालचालच कमी होती. १९७० च्या दशकाअखेर मागच्या चाकाची हालचाल ३०० मिमीपर्यंत गेल्यावर ती सवलत संपली. म्हणून १९६० च्या फ्रेममध्ये इंजिन बदलणं आणि १९७८ च्या फ्रेममध्ये बदलणं ही दोन वेगळी कामं आहेत. नंतरच्या फ्रेममध्ये स्प्रॉकेट पिव्हटच्या जितकं जवळ आणता येईल तितकं आणावं लागतं, मग त्यासाठी क्रँककेसच्या मागचा कान कापावा लागला तरी. 'जुनी फ्रेम' या एका नावाखाली दोन्ही मोजली की चूक होते.

तिसरी रेष वजनाची. इंजिन पुढे नेलं तर पुढचं चाक वळणात जमीन धरतं. फार पुढे नेलं तर चढावर मागचं चाक मातीत खणण्याऐवजी नुसतं फिरतं. वर उचललं तर खाली दगडाला लागत नाही, पण गाडी डोकेजड होते. इथे सूत्र नाही, फक्त चालवून बघणं आहे, आणि रिकमन बंधूंकडे तेच होतं. सकाळी प्लेट कापणारा माणूसच दुपारी शर्यतीत उतरणारा होता.

आणि कंपन. ट्रायम्फच्या जुळ्या इंजिनात दोन्ही पिस्टन एकदमच वर आणि एकदमच खाली जातात. त्यामुळे दोन सिलिंडर असूनही ते एका मोठ्या सिलिंडरसारखं हादरतं. क्रँकवर तोलाचं वजन लावून वर-खालचा धक्का कमी करता येतो, पण जितका तो कमी कराल तितका पुढे-मागे होणारा धक्का वाढतो. धक्का नाहीसा होत नाही, दिशा बदलतो. प्रत्येक फ्रेम एका दिशेचा धक्का शोषते आणि दुसऱ्या दिशेच्या धक्क्याला झणझणते. म्हणून एका फ्रेममध्ये गोड चाललेलं इंजिन दुसरीत गेलं की हात बधिर करतं, प्लेटला तडे जातात, टाकीची ब्रॅकेट तुटते. गुन्हा इंजिनाचाही नसतो आणि फ्रेमचाही नसतो. नव्या फ्रेमसाठी क्रँक पुन्हा तोलून घेणं हा यावरचा खरा इलाज आहे. हेडपासून फ्रेमपर्यंतची पट्टी, जिला हेड स्टेडी म्हणतात, ती क्षुल्लक समजून वगळणारे लोक पुढे प्लेट का फुटली याचा शोध घेत बसतात.

ही सगळी सांगड जमली तेव्हा गाडी कशी होती, याची साक्ष तिच्या गिऱ्हाइकांत मिळते. नट स्टीव्ह मॅक्वीनने ६५० सीसी ट्रायम्फ इंजिनाची मेटीस वापरली आणि ती त्याच्या आवडत्या गाड्यांपैकी एक होती. पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते बार्सिलोनाजवळच्या बुल्ताको कंपनीचं उदाहरण. १९६४ च्या सुमारास रिकमन बंधूंनी बुल्ताकोच्या लहान टू-स्ट्रोक इंजिनासाठी 'पेटीट मेटीस' बनवली. त्यांनी मोठ्या फ्रेममध्ये नवी प्लेट लावून भागवलं नाही. टू-स्ट्रोक इंजिन हलकं, त्याचा पसरट फुगीर एक्झॉस्ट वेगळी जागा मागणारा, ताकद वेगळ्या गतीला येणारी. त्यासाठी नवी, छोटी फ्रेमच काढली. सगळी इंजिनं एका फ्रेममध्ये घालायची हौस त्यांना नव्हती; प्लेटने कुठवर निभावतं आणि कुठून नवी फ्रेम काढावी लागते हे त्यांना ठाऊक होतं. बुल्ताकोला ती फ्रेम इतकी पटली की तिने स्वतःच्या मोटोक्रॉस गाड्यांसाठी ती स्वीकारली.

मोठ्या कारखान्यांचं काय झालं? १९७१ च्या मॉडेलसाठी बीएसए-ट्रायम्फने स्वतःची, नळीत तेल असलेली फ्रेम काढली. कल्पना रिकमनच्या वाटेनेच जाणारी. पण सीट इतकी उंच झाली की सरासरी उंचीच्या चालकाचे पाय जमिनीला टेकेनात. आणि ६५० चं इंजिन फ्रेममध्ये घालायला गेले तेव्हा ते जसंच्या तसं आत जाईना, रॉकर बॉक्सचा, म्हणजे हेडवरच्या व्हॉल्व्हच्या यंत्रणेवरील झाकणाचा, आकार बदलावा लागला. स्वतःच्याच कारखान्यात, स्वतःच्याच इंजिनाबाबत. आराखडे काढणारा एवढा मोठा विभाग, एवढे अभियंते, पण फ्रेम काढणारा आणि इंजिन उचलून आत ठेवणारा हात एकमेकांना भेटलेच नव्हते. न्यू मिल्टनमध्ये ते हात त्याच दोन माणसांचे होते.

मेटीसचा मोटोक्रॉसमधला काळ इंजिनांनीच संपवला. १९६४ आणि १९६५ मध्ये जेफ स्मिथने बीएसएवर ५०० सीसी गटाचं विश्वविजेतेपद मिळवलं, पण १९६६ पासून सलग तीन वर्षं ते पॉल फ्रीडरिक्सने चेक बनावटीच्या सीझेड टू-स्ट्रोकवर जिंकलं. हलक्या टू-स्ट्रोकपुढे मोठ्या फोर-स्ट्रोक इंजिनांची कितीही चांगली फ्रेम वजनात हरत होती. रिकमन बंधू रस्त्यावरच्या गाड्यांकडे आणि लहान टू-स्ट्रोक मोटोक्रॉसकडे वळले. त्यातला एक प्रसंग आपल्या ओळखीचा आहे. इंग्लंडमधल्या रॉयल एनफील्डने गाशा गुंडाळला तेव्हा तिची ७३६ सीसी इंटरसेप्टर इंजिनं, अमेरिकेला जायची होती ती, मागवणारा गिऱ्हाईकच न उरल्यामुळे पडून राहिली. रिकमननी त्यांना आपल्या फ्रेममध्ये घेतलं आणि सव्वाशेच्या वर रिकमन इंटरसेप्टर रस्त्यावर आल्या. मद्रासमध्ये १९५० च्या दशकापासून बनत असलेली बुलेट तेव्हा आपल्या रस्त्यांवर धावत होती; तिच्या इंग्लंडमधल्या थोरल्या बहिणीची शेवटची इंजिनं संकराच्या फ्रेममध्ये राहायला गेली होती.

आज इंग्लंडमध्ये १९६५ पूर्वीच्या गाड्यांसाठी वेगळ्या शर्यती होतात. तिथे शर्यतीनंतर चिखल धुतला की मेटीसचा मालक पहिल्यांदा इंजिन प्लेटचे बोल्ट तपासतो, मग हेड स्टेडी, मग सांध्यांवर फडकं फिरवून निकेलवर कुठे काळी रेघ उमटली आहे का ते वाकून बघतो.